तीन नंबरचे बासष्ट अंश

१

सुका दुमाडा गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मेला, आणि शुक्रवारी दहाच्या सुमाराला त्याच्या मरणाच्या कागदावर सही करायला मला बोलावणं आलं. बोलावणं हा शब्द जरा सभ्यच झाला. मी घिवलीला आईकडे रजेवर होतो. अंगात बनियन, हातात चहा. बोईसरच्या रंगाच्या कारखान्याची जीप आईनं बोंबील वाळत घातले होते त्या काठ्यांपर्यंत घुसली. आईनं ड्रायव्हरला दोन शिव्या हासडल्या आणि मला शर्ट आणून दिला.

मुंबईच्या आमच्या कंपनीनंच त्यांना माझा पत्ता दिला होता. आम्ही संगणक बनवायचो. एक्याण्णव साली बोईसरच्या वसाहतीत असे संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. यंत्राच्या पोटात एक गाभा असतो. बाकीचे सगळे कार्यक्रम त्याच्यामार्फतच डिस्कवर लिहितात आणि वाचतात. त्या गाभ्यातला फायली सांभाळणारा भाग मी लिहिला होता. कमलाकांत तामोरे, घिवली. आमच्या आळीत हे कुणाला कळत नसे, पण मला त्याचा भारी तोरा होता.

कारखान्याच्या गेटाबाहेर शंभरेक माणसं रस्त्यावर बसली होती. सुकाच्या पाड्यावरची. कुणी ओरडत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. पुढेच एक बाई गेटाच्या गजाला धरून उभी होती. जीप आत गेली आणि मागे वॉचमन देवूनं कुलूप लावून किल्ली खिशात घातली.

"मी तासाभरात परत जाणार आहे," मी म्हटलं.

"तुमची सही झाल्याबिगर कोन भायेर नाय," देवू म्हणाला. "सावेसायबांचा हुकूम हाय."

२

भगवंत सावे उत्पादन व्यवस्थापक होते. माणूस मूळचा माकुणसारचा, गोरटेला, घामानं डबडबलेला. शुक्रवार म्हणजे वसाहतीचा वीज बंद असायचा दिवस. कारखाना सुनसान होता आणि जनरेटरवर फक्त संगणकाची खोली चालू होती. सावेंच्या टेबलावर फोन होता, पण त्याच्या तबकडीला छोटं कुलूप होतं.

"पाच वाजता पोलीस येतायत," ते म्हणाले. "त्याआधी एवढं करा."

कागद टंकलेलाच होता. संगणकावरील नोंदींत कोणत्याही प्रकारे चूक अथवा फेरफार होणे अशक्य आहे, असं मी, त्या प्रणालीचा कर्ता, प्रमाणित करतो. खाली माझं नाव. माझ्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

"झालं काय ते आधी सांगा."

सावेंनी नाइलाजानं सांगितलं. शेडमध्ये रंग शिजवायची तीन मोठी भांडी. तीन नंबरच्या भांड्यावर जिवल्या वनगड ऑपरेटर. दर तासाला काट्यावरचं तापमान बघायचं आणि शेडमधल्या एकुलत्या एक टर्मिनलवर टाइप करायचं, एवढंच त्याचं काम. ऐंशीच्या वर आकडा गेला की सावेंच्या केबिनमध्ये घंटा वाजते, मग केबिनमधून हुकूम सुटतो आणि गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतात. ऑपरेटरनं आपल्या मनानं व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कारण मागे एकानं लावला होता आणि सगळा माल नासला होता.

"काल भांडं शंभरच्या वर गेलं. झाकणाचं पॅकिंग फुटलं आणि खाली जाळी साफ करणाऱ्या सुकाच्या अंगावर सगळं आलं. आणि या पठ्ठ्यानं नोंद काय केली माहितीय?" त्यांनी ड्रॉवर उघडून छापील यादी समोर टाकली. "बघा. बसल्या जागी मनाचे आकडे ठोकलेत. ही यादी मी आणि संगणक सांभाळणारा चुरी सोडून कुणी पाहिलेली नाही, आणि तुमच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही."

यादी अशी होती. आठ वाजून नऊ मिनिटं, ६१.९. नऊ वाजून नऊ मिनिटं, ६२.४. दहा वाजून नऊ मिनिटं, ६२.७. अकरा वाजून नऊ मिनिटं, ६२.५. अकरा वीसला माणूस मेला.

"तास झाला की दोन-तीन मिनिटांत नोंद व्हायला हवी," सावे म्हणाले. "हा नऊ मिनिटांनी येतो. कुठेतरी लोळत पडलेला असणार."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मी अठ्ठ्याऐंशी टाकले होते." सावे हसले. "आता बोला. तो खरा की तुमचं यंत्र?"

मी पेनचं टोपण काढलं. खोटं कशाला बोलू, सही करायचीच माझ्या मनात होती. माझा गाभा आकडे गिळतो असं कुणी म्हटलं की मला राग येत असे. पण त्या वेळी खिडकीतून गेटाजवळची ती बाई दिसली, अजून गज धरून.

"ती कोण?"

"बायडी. सुकाची बायको." सावेंनी नजर वळवली. "आणि जिवल्याची सख्खी बहीण."

मी टोपण परत लावलं.

३

जिवल्याला टाइम ऑफिसात बसवून बाहेरून कडी घातली होती. पंचविशीचा, काटकुळा. त्याच्या पाड्यावरून कारखान्यात यंत्रापुढे बसणारा तो पहिला. कालपासून तेच कपडे. मी आत आल्यावर देवूनं माझ्यामागेही कडी लावली.

"जिवल्या, मी घिवलीचा. मला सगळं पहिल्यापासून सांग."

"किती वेला सांगू? आठ वाजता चौसष्ट. नऊ वाजता बहात्तर. धा वाजता अठ्ठ्याऐंशी. अकराला एकशेचार. मी टाकला, माझ्या बोटांनी टाकला."

"किती वाजून किती मिनिटांनी?"

"टर्मिनल माझ्या भांड्याच्या बाजूलाच हाय. तास झाला का मी पयला. मंग दोन नंबर, तो काल बंद होता. चिंतूचा एक नंबर पार तिकडल्या टोकाला, तो सगल्यांच्या मागना येतो."

"घंटा वाजायला हवी होती केबिनमध्ये. नाही वाजली. मग तू व्हॉल्व्ह का नाही उघडलास?"

त्याचे रडून रडून डोळे सुजले होते.

"उघडायचा नाय, असाच शिकवलाय. यंत्र बघता, तू बघू नको. तरी मी गेलतो. सवाधाला केबिनीत गेलतो. बोललो, सायेब, अठ्ठ्याऐंशी झाला. सायबांनी यंत्राचा पडदा दाखवला. बासष्ट, टिंब, सात. बोलला, जा, तुजा काटा बिघडला असल, सोमवारी बदलू. मना त्या टिंबाचा नवल वाटला. माझ्या काट्याला टिंब नाय. दोन-दोनच्या रेघा हायत."

"सावेसाहेब म्हणतात तू केबिनमध्ये आलाच नाहीस."

"मंग मी काय बोलू?" त्यानं तळहात पालथे केले. "अकराला परत जायाचा होता. सुका खाली होता. मी त्याला बोललो, वर ये. तो बोलला, येतो, एवडी जाली घासून येतो. तो माझा मेवना हाय, सायेब. मी त्याला मारीन?"

मी कडी वाजवली. देवूनं उघडायला जरा वेळ लावला. तेवढा वेळ मला पुरला. छापील यादी सावेंच्या ड्रॉवरमध्ये होती आणि जिवल्या काल साडेअकरापासून इथे कोंडलेला. त्याला कुणी बासष्ट म्हणून शिव्या घातल्या असतील, पण त्या टिंबापुढचा सात त्याला कुणी सांगितला?

४

उत्तर एकच होतं. जिवल्यानं तो आकडा सव्वादहाला केबिनच्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे तो केबिनमध्ये गेला होता, आणि सावे खोटं बोलत होते.

पण गंमत बघा. त्याच उत्तरानं सावेंची एका आरोपातून सुटकाही होत होती. अपघातानंतर कुणी आकडे बदलले म्हणावं, तर सव्वादहालाच पडद्यावर ६२.७ होते. तेव्हा सुका जिवंत होता आणि लपवण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. मग दहा वाजता टाकलेला अठ्ठ्याऐंशी पंधरा मिनिटांत गेला कुठे?

संगणकाच्या खोलीत बळवंत चुरी एकटाच बसला होता. यंत्रातली कुठलीही नोंद बदलता येईल असा परवलीचा शब्द त्याच्याकडे, त्यामुळे संशयाची सुई आपल्याकडे वळणार हे त्याला ठाऊक होतं. जनरेटरवर एसी चालत नव्हता. खिडक्या धूळ येऊ नये म्हणून कायमच्या खिळे मारून बंद केलेल्या. एप्रिलच्या उन्हात ती खोली भट्टी झाली होती.

"मी काही केलेलं नाही, तामोरेसाहेब," मी विचारायच्या आतच तो म्हणाला. "हे बघा, पुरावा आहे माझ्याकडे."

बुधवारी वीज गेली होती आणि यंत्र धाडकन बंद पडलं होतं. अशा वेळी पुन्हा सुरू करताना यंत्र विचारतं, डिस्क तपासू का? पाऊण तास जातो म्हणून बरीच माणसं नाही म्हणतात. बळवंतनं तसं केलं नव्हतं. गुरुवारी सातला येऊन त्यानं पूर्ण तपासणी चालवली होती आणि तिचा छापील कागद जपून ठेवला होता. पावणेआठ वाजता, डिस्क निर्दोष. माणूस भित्रा असला तरी कामाचा पक्का होता.

"मग आठ वाजता काही झालं का?"

"विशेष काही नाही." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "या भिंतीपलीकडे वेल्डिंग सुरू झालं. पडदा थरथरायला लागला. मी ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण? सगळी डागडुजी गुरुवारीच असते."

"गुरुवारीच का? शुक्रवारी कारखाना बंद असतो ना?"

"शुक्रवारी वीज नसते, साहेब. वेल्डिंग कशावर करणार?"

मी कपाळाला हात लावला. लहानपणापासून या भागात राहून हे मला सुचलं नव्हतं. सगळ्या वसाहतीत वेल्डिंगची यंत्रं गुरुवारी भिंतीतल्या मिळेल त्या प्लगला लागत होती, आणि ती वीज माझ्या डिस्कपर्यंत येत होती.

"डिझेल किती वेळ पुरेल?"

"साडेचारपर्यंत. कालपासून यंत्र एकदाही बंद पडू दिलेलं नाही. मग बंद, आणि वीज उद्या सकाळी."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

५

"गेल्या आठवड्याच्या तीन नंबरच्या नोंदी काढ," मी म्हटलं.

बळवंतनं काढल्या. ६४. ६६. ६४. ६८. सगळे पूर्ण आणि सगळे सम आकडे, वेळ दर तासाला दोन किंवा तीन मिनिटांनी. जिवल्याच्या काट्याला दोन-दोनच्याच रेघा होत्या. मग गुरुवारी आठ वाजल्यापासून एकदम टिंबं सुरू आणि वेळ नऊ मिनिटांनी.

आळशी माणूस खोटे आकडे टाकताना नेहमीचेच टाकतो. हातात जे रुळलंय तेच लिहितो. जिवल्यानं खोटं लिहिलं असतं तर चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट लिहिलं असतं. टिंबाचे आकडे आणायला त्यानं एवढा खटाटोप कशाला करावा?

"टिंबाचा काटा कुठल्या भांड्याला आहे?"

"एक नंबरला. गेल्या दिवाळीत नवा बसवला."

"चिंतूच्या नोंदी काढ."

एक नंबरची यादी पडद्यावर आली. आठ वाजून नऊ मिनिटं, ६१.९. नऊ वाजून नऊ, ६२.४. दहा वाजून नऊ, ६२.७. अकरा वाजून नऊ, ६२.५. बळवंत खुर्चीतून अर्धा उठला.

"या तर त्याच नोंदी!"

"त्याच," मी म्हटलं. "आता दोन्ही फायलींचे खण विचार."

डिस्क म्हणजे नंबर घातलेल्या हजारो खणांचं कपाट. दर दिवशी सकाळी आठला प्रत्येक भांड्याच्या फायलीला एक कोरा खण मिळतो आणि दिवसाच्या नोंदी त्यात तासाच्या ओळीवर बसतात. कुठला खण रिकामा आणि कुठला भरलेला, याची यादीही डिस्कवरच असते. बळवंतनं विचारलं. तीन नंबरच्या फायलीचा खण २४१७. एक नंबरच्या फायलीचाही खण २४१७.

सगळं उलगडलं. आठ वाजून दोन मिनिटांनी जिवल्याला २४१७ मिळाला. गाभ्यानं यादीत त्यापुढे भरलेला अशी खूण केली आणि ते पान डिस्कवर लिहायला पाठवलं. नेमकं तेव्हा भिंतीपलीकडे वेल्डिंग पेटलं आणि पान बिघडून उतरलं. सात मिनिटांनी चिंतू आला. गाभ्यानं यादीचं पान डिस्कवरून पुन्हा उचललं. त्यात २४१७ रिकामा दिसत होता. तोच त्यानं चिंतूला दिला. तेव्हापासून दर तासाला जिवल्या आपला आकडा लिहीत होता आणि सात मिनिटांनी चिंतू, काही कल्पना नसताना, त्याच ओळीवर आपला आकडा लिहीत होता. घंटेचा कार्यक्रम तासाला एकदा, तासावर दहा मिनिटं झाली की ती ओळ वाचत होता. अठ्ठ्याऐंशी डिस्कवर सात मिनिटं होता. कुणीही तो पाहायच्या आत पुसला गेला.

"म्हणजे गुन्हेगार कुणीच नाही," बळवंतनं सुटकेचा श्वास टाकला. "नुसती वीज."

त्याला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

डिस्कवरचं काहीही कधीही खराब असू शकतं, हे आमच्या धंद्यात पोरंसोरंही जाणतात. प्रश्न एवढाच, की गाभ्यानं ते पडताळायचं कुठे? आमच्या ऑफिसात यावर दोन वर्षं भांडणं झाली होती. एका पक्षाचं म्हणणं, यंत्र सुरू होताना दाराशी एकदाच तपासा, मग आत विश्वास ठेवा. दुसरा म्हणे, प्रत्येक पान डिस्कवरून आत येताना तपासा, कारण दार एकदा ओलांडलं म्हणजे पुढे बिघडणार नाही असं थोडंच आहे? माझी आई टोपलीतला वरचा थर बघून मासे घेत नाही, एकेक हातात घेऊन कल्ले उघडते. मी त्याच घरातला. माझ्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक पडताळ्याची बेरीज होती, आणि पान उचललं की गाभा ती ताडून पाही. जुळली नाही तर तिथल्या तिथे काम थांबवून बोंब मारी.

मग यंत्र हळू चालतं अशी ओरड झाली. आणि मी, दुसऱ्या कुणीही नव्हे, मी स्वतः ती पडताळणी तिथून काढून दाराशी नेऊन ठेवली. पावणेआठ वाजता दाराशी तपासणी झाली. निर्दोष. आठनंतर जे बिघडलं ते गाभ्यानं डोळे मिटून घेतलं. एवढंच नव्हे, त्या बिघडलेल्या पानात पुढची खूण करून, नवी बेरीज घालून, खऱ्याचा शिक्का मारून परत ठेवलं.

ज्या माणसाला शोधायला मी सकाळपासून दारं ठोठावत होतो, तो मीच होतो. शर्ट पाठीला चिकटला होता. खिडक्यांना खिळे होते, गेटाला कुलूप होतं, आणि ती सगळी निघाली असती तरी मला कुठे जाता आलं असतं?

६

"दोन्ही याद्या छाप," मी बळवंतला सांगितलं. "खणाच्या नंबरासकट."

प्रिंटर करकरत असतानाच सावे दारात आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्या पडताळणीची गोष्टही नाही.

ते ऐकून घेईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

"मग तर उत्तमच," ते हळू आवाजात म्हणाले. "यंत्राची चूक. म्हणजे तुमची. माझा यात काही संबंध नाही."

"सव्वादहाला जिवल्या तुमच्याकडे आला होता."

"नाही आला."

"पडद्यावर बासष्ट टिंब सात होते, हे त्याला माहीत आहे. ही यादी तुम्ही आणि चुरी सोडून कुणी पाहिलेली नाही, हे तुमचेच शब्द. आणि शेडमधल्या टर्मिनलवर आपण टाकलेलंच दिसतं. तीन नंबरच्या नावावर तो आकडा त्या वेळी फक्त तुमच्या केबिनमध्ये दिसत होता."

सावेंनी बळवंतकडे पाहिलं. बळवंत प्रिंटरकडे बघत राहिला.

"मी काय करायला हवं होतं?" सावेंचा आवाज एकदम चढला. "एक वारली पोरगा येऊन म्हणतो अठ्ठ्याऐंशी, आणि एवढं मोठं यंत्र सांगतंय बासष्ट! तुम्ही कुणावर विश्वास ठेवला असता?"

"चाळीस पावलांवर काटा होता, सावेसाहेब. उठून बघायचं होतं."

ते खुर्चीत बसले. रुमालानं मान पुसली. मग कागद माझ्यापुढे सरकवला, तोच सकाळचा.

"अजून काही बिघडलं नाही. साडेचारला डिझेल संपतं. उद्या सकाळी यंत्र सुरू करताना ती तुमची तपासणी चालेल आणि एका खणाचे दोन मालक दिसले की ती आपोआप दुरुस्त करेल. बरोबर ना, चुरी? मग पुरावा कुठला? सही करा. तुमचा गाभा शाबूत, माझी खुर्ची शाबूत. त्या पोराला फार तर दोन-तीन वर्षं होतील. आपण त्याच्या बहिणीचं बघू. नाही तर पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव तुमचं लागेल, तामोरे. विचार करा."

मी विचार केला. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते, पण केला. मुंबईची खोली, कंपनी, माझ्या नावापुढे लागणारी 'कर्ता' ही उपाधी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझा गाभा आणखी किती कारखान्यांत चालू होता, तेही. पुढच्या गुरुवारी त्यांच्याही भिंतीपलीकडे वेल्डिंग पेटणार होतं.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. जिवल्या वनगड याने सर्व आकडे खरे व वेळेवर टाकले होते. ते पुसले जाण्याचे कारण या यंत्राच्या गाभ्यातील उणीव असून ती मी केलेली आहे. ही प्रणाली जेथे जेथे चालू आहे तेथे तेथे हाच धोका आहे. खाली सही, तारीख, वेळ चार वाजून दहा.

"साक्षीदार लागेल," मी म्हटलं. खोलीत आम्ही तिघेच होतो.

मी पेन बळवंतपुढे धरलं. सावेंनी एकदा त्याचं नाव उच्चारलं, नुसतं नाव, पण त्यात त्याची नोकरी, त्याचं क्वार्टर सगळं होतं. त्यानं छापील याद्या माझ्या कागदाला टाचणीनं जोडल्या आणि खाली सही केली. साडेचारला जनरेटर बंद पडला आणि पडदा काळा झाला.

७

पोलिसांची जीप अजून यायची होती. मी अंगण ओलांडून गेटापाशी गेलो. देवूनं कुलूप काढलं नाही. गजांच्या अलीकडे मी, पलीकडे बायडी. तिचे हात गजांवर होते तसेच होते.

"जिवल्यानं खोटं लिहिलं नव्हतं," मी म्हटलं. "त्यानं बरोबर आकडे टाकले होते. त्यानं जाऊन साहेबांना सांगितलंही होतं."

तिनं डोळे मिटले. काल सकाळपासून ती नवऱ्यासाठी रडत होती की भावावर दात-ओठ खात होती, ते तिचं तिलाच ठाऊक. तिच्या मागची माणसं उठून जवळ आली.

"मंग कोनी?"

"यंत्र चुकलं. ते आतलं यंत्र मी बनवलंय. माझी चूक आहे."

मला वाटलं होतं ती ओरडेल, थुंकेल, गजातून हात घालून माझी गचांडी धरेल. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तुमाला म्हायती नव्हता, यंत्र चुकल म्हनून?"

"माहीत होतं. चूक पकडायची सोय मी केली होती. मग काढून टाकली."

"कशापायी?"

"वेळ वाचावा म्हणून."

"किती येल?"

तिला हे का विचारावंसं वाटलं कोण जाणे. खोटं सांगणं सोपं होतं, पण तो आकडा मला तोंडपाठ होता. तो मीच मोजला होता आणि आमच्या कंपनीच्या साहेबांना अभिमानानं दाखवला होता.

"दिवसाला चार मिनिटं," मी म्हटलं.

बायडीनं मागे वळून आपल्या माणसांना ते सांगितलं. चार मिनिटं. कुणीतरी म्हातारीनं पुन्हा विचारलं, कुणीतरी पुन्हा सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"मंग ती चार मिन्टं कोनाला दिली तुमी?"

मी उत्तर शोधलं. सावेंना दिली नव्हती, चिंतूला नाही, बळवंतला नाही. माझ्या आईलाही नाही. मी गजांना धरून उभा राहिलो आणि मला रडू फुटलं.

पाच वाजता जीप आली. देवूनं गेट उघडलं. हवालदार वही काढून विचारू लागला, जिवल्या वनगड कुठे आहे? मी त्याच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, आधी माझं नाव लिहा.